गाडीचा आवाज बाहेर वेगळा, आत वेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१७ची मस्टँग जीटी सेकंड हँड घेतली. ठाण्यात घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहता, गाडी पोडियमवर, म्हणजे टॉवरखालच्या छत असलेल्या पार्किंगच्या मजल्यावर, उभी असते. चार महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये मागचे दोन्ही सायलेन्सर आणि मधला रेझोनेटर (आवाज दाबणारा डबा) काढून दोन सरळ तीन इंची पाइप टाकून घेतले. पंधरा दिवस मजा आली. आता १,८०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) केबिन घुमते, खालचा, म्हणजे कमी आरपीएमचा, जोर गेलाय, वहिनी गाडीत बसायला तयार नाहीत, चेक इंजिनचा दिवा लागलाय, पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो आणि सकाळी सहाला निघता म्हणून सोसायटीचं पत्र आलंय. मोबाइलवर मोजलं तर गाडीत ७२-७३ डेसिबलच दिसतात, मग डोकं का दुखतं? सगळं काढून टाकू की काही मधला मार्ग आहे?

माझं गॅरेज वागळे इस्टेटमध्ये आहे आणि गेली एकवीस वर्षं मी सायलेन्सरचंच काम करतो. पहिली गोष्ट ही की तुम्हाला एक नाही, दोन आजार झालेत. शेजाऱ्यांना ऐकू येतो तो आवाज वेगळा, तुम्हाला आत छळतो तो वेगळा. दोघांची कारणं वेगळी, औषधं वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे जातात आणि दोन्ही आजार तसेच राहतात.

पण त्याआधी दिवा आणि वास. ते आवाजापेक्षा महत्त्वाचं आहे. गाडी लिफ्टवर घ्या आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारे डबे, ज्यांना आम्ही कॅट म्हणतो, जागेवर आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बऱ्याचदा गिऱ्हाइकाला न सांगता कॅट फोडून आतली जाळी काढतात आणि रिकामा डबा परत जोडतात, म्हणजे बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं. डब्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. आत जाळी असेल तर आवाज बद्द येतो, रिकामा असेल तर पातेल्यासारखा वाजतो. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो, म्हणून तिला बाजारात भाव आहे. काढलेल्या जाळीचं काय झालं, हेही विचारून घ्या. स्कॅनर लावल्यावर कोड पी-०४२० आला तर कॅट काम करत नाही, असं संगणक म्हणतोय. पण लगेच निष्कर्ष काढू नका. पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरच्या पुढेमागे एखादा जोड फुटलेला असला तरी दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी तो बाहेरची हवा आत ओढतो, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, आणि संगणक बिचारा पेट्रोल वाढवत बसतो. वास येतो, दिवा लागतो, फटाकेही फुटतात. तेव्हा आधी सगळे फ्लॅन्ज आणि गॅस्केट, म्हणजे पाइपांचे बोल्टचे जोड आणि त्यांतल्या चकत्या, साबणाच्या पाण्याने तपासा.

कॅट खरोखरच गेले असतील तर ते परत बसवल्याशिवाय मी पुढचं कुठलंही काम हातात घेणार नाही. थंड इंजिन चालू होतं तेव्हा कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त निघतो. पोडियमच्या बंदिस्त जागेत तो साचतो आणि त्याला वास नसतो. तिथे तुमच्याच इमारतीची मुलं सायकल चालवतात.

आता बाहेरचा आवाज. थंड इंजिन सुरू झालं की पहिलं मिनिट-दीड मिनिट संगणक मुद्दाम आरपीएम वर ठेवतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. पेट्रोलचा जाळ अर्धा सिलिंडरमध्ये, अर्धा पाइपमध्ये व्हावा आणि कॅट लवकर तापावा, असा हिशेब असतो. म्हणजे सकाळी सहाला, सगळं शांत असताना, तुमची गाडी दिवसातला सर्वांत दणकट आवाज काढते. त्यातून पोडियमचं छत आणि खांब काँक्रीटचे. आवाज शोषायला काही नाही, तो फक्त आपटत आपटत डक्टमधून वर चढतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक गिऱ्हाईक होता, कोलशेतकडचा. शेजारी उगाच बोंब मारतात, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, चावी माझ्याकडे द्या, तुम्ही वर तुमच्या घरी जा. सहावा मजला. मी खाली गाडी चालू केली, एक मिनिट तशीच ठेवली आणि बंद केली. तो खाली आला तेव्हा चेहराच उतरला होता. म्हणाला, स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून वाजत होती आणि आई उठून बसली होती. चार महिने त्याने तो आवाज फक्त स्टिअरिंगच्या मागे बसून ऐकला होता. तुम्हीही हे एकदा करून बघा. उद्या सकाळी गाडी दुसऱ्या कुणाला चालू करायला सांगा आणि तुम्ही घरात, खिडकी लावून, पलंगावर बसा. सोसायटीच्या पत्राला काय उत्तर द्यायचं ते तिथेच कळेल.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण यात संदिग्ध काही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी बदलायची नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती आणखी ५ डेसिबलने कमी. घोडबंदर रोडवर किंवा पाम बीच रोडवर १०० मीटरच्या टप्प्यात काय काय येतं ते तुम्ही रोज बघता. बुलेटचे सायलेन्सर ओळीने मांडून त्यांवर रोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतीलच. चारचाकीला ते लागू नाही, अशा समजुतीत राहू नका. रिमोटने उघडबंद होऊन आवाज कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह लावला की गाडी कायदेशीर होते, हेही खरं नाही. व्हॉल्व्हने शेजारी सुखी होतात, कागदावर बदल तो बदलच राहतो. विमा कंपनीही अपघातानंतर हे विचारू शकते.

आता तुमचं डोकं का दुखतं ते बघू. हा भाग मी नीट सांगणार आहे, कारण याच ठिकाणी लोक सर्वांत जास्त फसतात.

मोबाइलचं ॲप जो आकडा दाखवतं तो ‘ए’ पद्धतीने मोजलेला असतो. माणसाचा कान हलक्या आवाजात जसा ऐकतो त्याच्याशी जुळवण्यासाठी त्यात खालचे, खर्जातले सूर मुद्दाम कमी धरतात. १२५ हर्ट्झच्या आसपास सुमारे १६ डेसिबल कमी, ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल कमी. तुमच्या गाडीतला त्रास नेमका याच खर्जात आहे. म्हणजे ॲप ७२ म्हणत असलं तरी तुमच्या छातीवर आणि कानाच्या पडद्यावर आदळणारा खर्ज त्याहून कितीतरी मोठा आहे. ॲपमध्ये ‘सी’ पद्धत असेल तर ती लावून तोच प्रवास पुन्हा करा, आकडा बघून दचकाल. त्याहून चांगलं म्हणजे आवाजाचे सूर वेगळे करून दाखवणारं स्पेक्ट्रमचं ॲप घ्या. फोन पुढच्या सीटच्या डोक्याच्या आधाराजवळ धरून शेजाऱ्याला बसवा, १,८०० आरपीएमवर गाडी स्थिर ठेवा आणि कुठल्या आकड्यावर सुळका उभा राहतो ते लिहून घ्या. त्या एका आकड्याशिवाय कुणीही तुम्हाला उपाय विकत असेल तर घेऊ नका.

तो आकडा काय येईल याचा अंदाज कागदावर बांधता येतो. १,८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेरे. आठ सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात चार धमाके. म्हणजे १२० हर्ट्झ. पण हे दोन्ही बाजूंचे धमाके एकत्र आले तर. तुमच्या व्ही-८चा क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा दांडा, असा आहे की धमाके डावा-उजवा, डावा-उजवा असे ओळीने पडत नाहीत. एका बाजूच्या चार सिलिंडरांमध्ये कधी ९० अंशांचं अंतर, कधी १८०, कधी २७०. मस्टँगची ती गुडगुड, ज्याच्यासाठी तुम्ही गाडी घेतली, ती या असमान अंतरातून येते. कंपनीच्या रचनेत दोन्ही बाजूंचे पाइप मधल्या रेझोनेटरमध्ये एकमेकांशी बोलतात, त्यामुळे अंतर बऱ्यापैकी सारखं होतं. तुमच्या गॅरेजवाल्याने तो डबा काढला आणि दोन पाइप मागपर्यंत वेगळे नेले. आता प्रत्येक पाइपमधून ६० हर्ट्झच्या आगेमागेचा तुटक खर्ज निघतोय, आणि तो केबिनच्या हवेला हलवायला फार सोपा जातो.

हा घुमारा मारायला आम्ही मुख्य पाइपाला एक बंद टोकाचा पाइप जोडतो. आवाजाची लाट त्यात शिरते, बंद टोकावर आपटून परत येते आणि नेमकी उलटी होऊन मूळ लाटेला भेटते. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. अट एकच, त्या पाइपाची लांबी लाटेच्या लांबीच्या पाव हिस्सा पाहिजे. १२० हर्ट्झसाठी हा पाइप मीटरच्या आतबाहेर येतो आणि गाडीखाली वळवून बसवता येतो. ६० हर्ट्झसाठी त्याच्या दुप्पट लागेल, आणि मस्टँगच्या पोटाखाली तेवढी जागा नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी दोन्ही पाइप मधे जोडा, एच किंवा एक्स आकारात, म्हणजे खर्ज वर चढून १२० च्या आसपास येईल. मग उरलेल्या १२० साठी बंद पाइप. उलट केलं तर कितीही बंद पाइप लावा, घुमणं जाणार नाही.

यात मी स्वतः एकदा सपशेल चुकलो आहे, ते सांगतो. गाडी सहा सिलिंडरची होती, २,४०० आरपीएमला घुमायची. तिथेही हिशेब १२० हर्ट्झच. मी शाळेत शिकलेला आवाजाचा वेग धरला, सेकंदाला ३४० मीटर. भागिले चार, भागिले १२०. आले ७१ सेंटिमीटर. पाइप कापला, आर्गन वेल्डिंग केलं, मालकाला घेऊन ठाणे-बेलापूर रोडला गेलो. २,४०० ला घुमारा होता तसाच. २,९०० ला मात्र गाडी अशी शांत झाली की जणू कुणी दार लावलं, आणि तिथे कुणाला शांतता नकोच होती. रात्रभर डोकं धरून बसलो. चूक साधी होती. तापलेल्या वायूत आवाज वेगाने धावतो. ३०० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला ४८० मीटरच्या घरात जातो. मग सरळ ४८० धरून मीटरभर पाइप घ्यायचा का? तेही नाही, कारण बंद पाइपातून वायू वाहत नाही, तो तिथे अडकून गार होतो. दुसऱ्या दिवशी गाडी तापवून त्या पाइपाच्या टोकावर पाण्याचा थेंब टाकला. मुख्य पाइपावर थेंब पडताक्षणी चर्र करून उडत होता, बंद टोकावर तो नुसता पसरला आणि सावकाश वाळला. म्हणजे तोंडाशी गरम, टोकाशी शंभरच्याही खाली. सरासरी दीडशे धरली तर वेग ४१० च्या आसपास आणि लांबी ८५-८६ सेंटिमीटर. पंधरा सेंटिमीटरचा तुकडा जोडला आणि घुमारा गेला.

तेव्हापासून मी बंद टोक कधीच पहिल्या दिवशी वेल्ड करत नाही. एकात एक सरकणारे दोन पाइप घेतो, क्लॅम्पने आवळतो, रस्त्यावर फिरवतो, दोन-दोन सेंटिमीटर सरकवून ऐकतो, आणि लांबी सापडली की खूण करून मग वेल्डिंग. तुमच्या कामात हे करणारा माणूस शोधा. एका दिवसात गाडी परत देतो म्हणणाऱ्याकडे हे होणार नाही.

घुमाऱ्याचं आणखी एक कारण सगळेच विसरतात: रबर. सायलेन्सर ज्या रबरी हँगरवर लटकतो ते कडक झाले असतील, किंवा नवा पाइप टाकताना कुणी हँगरच्या जागी पट्टी वेल्ड केली असेल, तर पाइपाचं थरथरणं थेट पत्र्यात जातं. इंजिन चालू असताना डिकीच्या फरशीवर तळहात ठेवा. मुंग्या आल्यासारखं वाटलं तर आधी रबर बदला. फार थोड्या पैशांत निम्मं दुखणं जाताना मी पाहिलंय.

तोवर रोजच्या प्रवासासाठी एक तात्पुरता उपाय आहे. पूर्व द्रुतगती महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये १,८०० ला अडकून राहण्यापेक्षा पॅडलने पाचवा घ्या, आरपीएम सव्वादोन हजारांच्या पुढे जाईल आणि घुमाऱ्याच्या पट्ट्यातून बाहेर पडाल. पेट्रोल थोडं जास्त जाईल, पण घरची माणसं गाडीत बसतील.

खालचा जोर गेल्याबद्दल. ‘बॅक प्रेशर पाहिजे’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, ते अर्धवट आहे. इंजिनाला अडथळा नको असतो, त्याला वाहणाऱ्या वायूचा वेग हवा असतो. एका सिलिंडरचा धक्का पुढे धावताना मागे पोकळी सोडतो आणि ती पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून घेते. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की कमी आरपीएमला वायू रेंगाळतो आणि ही ओढ मरते. आपल्याकडे आलेली मस्टँग जीटी सुमारे ४०० अश्वशक्तीची, टर्बो नसलेली गाडी आहे. तिला रोजच्या वापरात प्रत्येक बाजूला तीन इंची पाइपाची गरज नाही. कॅटच्या मागचे पाइप बदलून अशा इंजिनात हाती लागते ती ताकद थोडकीच, आणि तीही वरच्या आरपीएमला. टर्बो गाडीचं गणित निराळं असतं, ते इथे लावू नका.

मग करायचं काय? माझा सल्ला स्पष्ट आहे. मूळ सायलेन्सर आणि मधला रेझोनेटर कुठे आहेत ते आजच विचारा. गॅरेजवाल्याकडे पडले असतील तर उचलून आणा, भंगारात गेले असतील तर भंगारवाल्यापर्यंत जा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं, आणि मस्टँगचे सुटे भाग आधीही बाहेरूनच यायचे. आज हे डबे नव्याने मागवायचे तर किंमत आणि वाट बघणं दोन्ही जड जाईल. मिळाले तर सगळं मूळ स्थितीत बसवा आणि महिनाभर तशीच चालवा. तुमच्या गाडीत, कंपनीच्या सायलेन्सरसहसुद्धा, चार हजारांच्या वर पाय दाबल्यावर जो आवाज येतो तो बऱ्याच गाड्यांना हजारो रुपये घालूनही येत नाही. तो आवाज तुम्ही नीट ऐकलाच नाही, कारण गाडी घेतल्याबरोबर ती फोडून टाकली.

मूळ डबे मिळालेच नाहीत, तर ज्याच्याकडून पाइप बनवून घ्याल त्याला तीन गोष्टी विचारा. पत्रा कुठला? आपल्याकडे कळंबोलीच्या बाजारातून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या नावाखाली २०१ ग्रेडचा पाइप सहज येतो. लोहचुंबक लावून हे कळत नाही, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. त्याचं तपासायचं केमिकल मिळतं, दोन थेंब टाकले की रंग फरक सांगतो. खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, यात २०१ दोन-तीन पावसाळ्यांत जोडांपाशी तांबूस पडायला लागतो. दुसरं, वेल्डिंग करताना पाइपाच्या आतून आर्गन सोडणार का? नाही सोडला तर आतल्या बाजूने जोड साखरेसारखा खडबडीत होतो आणि तिथूनच फुटतो. तिसरं, सायलेन्सरमध्ये भरणार काय? नुसती काचेची लोकर असेल तर ती सरळ वायूच्या झोताने हळूहळू उडून जाते आणि वर्षभरात आवाज वाढतो. आतल्या जाळीच्या पाइपाभोवती आधी स्टील वूलचा थर पाहिजे, मग काचेची लोकर. आणि डबा मोठा पाहिजे. आवाज मारायला घनफळ लागतं, त्याला पर्याय नाही. दिसायला नाजूक डबा हवा असेल तर खर्ज सहन करायची तयारी ठेवा.

ट्यूनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये, फटाके घालून देतात, त्याचाही विषय तुम्ही काढला होता. घालू नका. पाय सोडल्यावर मुद्दाम पेट्रोल पाइपात जाळणं म्हणजे कॅटवर रोज हातोडा मारणं. जाळी वितळलेली मी माझ्या हाताने बाहेर काढली आहे.

येऊरला रात्री गाडी मोकळी करायला जातो, असंही तुम्ही लिहिलंय. ती राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे, तिथे रात्री आपल्या आवाजाला काही काम नाही. जायचंच असेल तर दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून, पाय हलका ठेवून जा.

सोसायटीला लेखी उत्तर द्या: गाडी मूळ स्थितीत आणतोय, अमुक तारखेपर्यंत. तोवर गाडी पोडियमवरून काढून उघड्या पार्किंगमध्ये लावायची परवानगी मागा. सकाळी चालू केली की उभी ठेवून तापवू नका, वीस सेकंदांत निघा आणि गेटबाहेर पडून दोन-तीन किलोमीटर दोन हजारांच्या आत चालवा. इंजिन उभं राहून तापण्यापेक्षा चालत लवकर तापतं.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा लिफ्टवर घ्या. तापून-गार होऊन नवीन फ्लॅन्जचे बोल्ट सैल पडतात. ते आवळून घ्या, हँगर एका रेषेत आहेत का बघा, आणि मागच्या सीटवर बसून १,८०० ला स्पेक्ट्रमचा सुळका पुन्हा मोजा.